मिलेना आंब्रेचे बाबा

दौलत आंब्रे हे मिलेनाचे जन्मदाते आहेत की नाहीत याचा निकाल लागावा म्हणून इटलीहून रियाधला आलेल्या कापसाच्या दोन काड्या प्रस्तुत लेखकाने कान कोरून वाया घालवल्या. एक डाव्या कानाला, एक उजव्या.

यात अक्कल कमी पडली हे कबूल. पण खोलीचा रिवाजही जरा लक्षात घ्यावा. रियाधच्या अल मलाझ भागातल्या एका जुन्या इमारतीत कंपनीने दिलेल्या खोलीवर तिघं राहायचे. पाइप वेल्डर दौलतकाका, चिपळूणकडचा इलेक्ट्रिशियन पांडू आणि लांज्याच्या शाळेत शिकून स्टोअरमध्ये कारकून झालेला प्रस्तुत लेखक. कुणाच्याही नावाने खोकं येवो, ते खोलीचं. जो हजर असेल त्याने फोडायचं आणि चव बघायची. पांडूच्या आईने पाठवलेले लाडू पांडूला नेहमी सगळ्यांत शेवटी मिळत. इटलीच्या खोक्याचा तर प्रश्नच नव्हता. दर नाताळात ते यायचं आणि आत बदामाची दगडासारखी बिस्किटं असायची. ती चहात बुडवून तिघं मिळून फस्त करत. काका पूर्वी इटलीत होते, तिथल्या घरमालकिणीची मुलगी पाठवते, एवढीच माहिती खोलीला होती आणि बिस्किटं खायला तेवढी पुरेशी होती.

त्या शुक्रवारी खोकं अवेळी आलं. आदल्या दिवशी वाळूचं वादळ होऊन गेलेलं, साइटवरच्या प्रत्येकाच्या कानात मूठभर वाळवंट भरलेलं. खोकं फोडलं तर बिस्किटं नाहीत. परक्या भाषेतले कागद, आणि स्वच्छ पाकिटांत दोन लांब काड्या, टोकाला कापूस. पोरीला काकांच्या कानांची किती काळजी, असं मनात म्हणत लेखकाने पाकिटं फाडली.

काका न्हाव्याकडून परत आले तेव्हा काड्या कचऱ्याच्या डब्यात होत्या आणि लेखकाला फारच छान ऐकू येत होतं. काकांनी कागद उचलले. उभ्याउभ्या वाचले. मग डब्यात पाहिलं.

"मास्तर, ह्या काड्या कुणी वापरल्या?"

लेखक शाळेत शिकलेला, म्हणून काका त्याला मास्तर म्हणत. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे कधी कळलं नाही.

"मीच काका. कानात वाळू..."

"बरं केलंस," काका म्हणाले आणि खाटेवर बसले. "अगदी बरं केलंस. आता काही दिवस तरी मी तिचा बाप आहे."

पांडू बटाटे सोलत होता. त्याची सुरी थांबली. "कुणाचा बाप? काका, तुमचं तर लग्न नाही झालेलं!"

"लग्न नाही झालं," काका म्हणाले. "मुलगी आहे."

चौदा वर्षं सौदीत काढून ज्या माणसाने स्वतःबद्दल चौदा वाक्यंही सांगितली नव्हती, तो त्या दुपारी बोलायला लागला. बटाटे तसेच राहिले.

गुहागरकडचा दौलत आंब्रे तरुणपणी मस्कतच्या जहाजदुरुस्तीत वेल्डिंग शिकला. हात इतका साफ होता की एका कंत्राटदाराने त्याला उचलून थेट इटलीला नेलं, त्रिएस्तेच्या बाजूच्या एका गोदीत. तिथे गोदीच्या कँटीनमध्ये ओर्नेला नावाची बाई वाढायला असायची. तिच्या घरात वरची एक खोली रिकामी होती, ती दौलतला भाड्याने मिळाली. ओर्नेलाला एक तान्ही मुलगी होती. मुलीचा बाप गावातलाच, होड्या बांधायचा कारखाना असलेला, बायकामुलांचा माणूस. मूल होणार म्हटल्यावर त्याने रस्ता बदलला. म्हणजे खरोखरच बदलला. कँटीनसमोरून जायचा तो मागच्या बाजूने जायला लागला.

मुलीच्या दाखल्यावर एकट्या आईचं नाव होतं. ओर्नेलाचं त्यावाचून काही अडलं नसतं. पण डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचं ऑपरेशन करावं लागेल. तिला ना आईबाप, ना भावंड. आपलं काही बरंवाईट झालं तर पोर सरकारी छत्राखाली जाईल, या एका विचाराने तिची झोप उडाली. शेवटी एका सकाळी तिने वरच्या खोलीचं दार वाजवलं.

"मग?" पांडूने विचारलं.

"मग काय. नगरपालिकेत गेलो. तिथल्या बाईने विचारलं, ही मुलगी तुमची? मी म्हटलं, हो. सही केली. मिलेना आंब्रे झाली. बाहेर आल्यावर ओर्नेलाने कॉफी पाजली. एवढंच."

"आणि ऑपरेशन?"

"झालं की. चांगली अठरा वर्षं जगली बाई. मी उगीच घाईत बाप झालो."

पण बाप झाला तो काही कागदापुरता राहिला नाही. ओर्नेला दवाखान्यात होती तेव्हा मिलेना दौलतच्या खांद्यावर झोपायची. खाली ठेवली की रडायची. म्हणून हा गडी तिला खांद्यावर घेऊनच एका हाताने भात टाकायचा. पहिलं पाऊल तिने त्याच्या खोलीत टाकलं, पहिला शब्द त्याच्या नावाचा अर्धा तुकडा: "दौ." पुढे 'पापा दौ' झालं ते आजतागायत. तो तिला 'बाय' म्हणायचा, कोकणात लेकीला म्हणतात तसं. त्याचं इटालियन गोदीतलं होतं, त्यात निम्म्या शिव्या. त्या पोरीने उचलल्या, आणि बालवाडीच्या बाईंनी आईबापांना समज द्यायला बोलावलं. बाप म्हणून दौलतची ती पहिली सरकारी हजेरी.

मिलेना पाच वर्षांची असताना गोदीचं काम संपलं आणि परवान्याची मुदतही. तिथला एक वकील म्हणाला, अहो, तुमची मुलगी इटालियन आहे, तिच्या नावावर तुम्हाला इथे राहता येईल. उद्या अर्ज करू.

"मग केला का नाहीत?" लेखकाने विचारलं. लेखकाने तरी तो अर्ज त्याच दिवशी केला असता.

"नाव मी तिला दिलं होतं," काका म्हणाले. "माझ्या कामासाठी वापरायला नव्हतं दिलं."

अशा माणसाचं पुढे काय होतं? त्याचं सौदी होतं. दौलत गावी आला, बहिणींची लग्नं लावली, स्वतःचं राहून गेलं, आणि रियाधला येऊन पाइप जोडायला लागला. शुक्रवारी दुपारी मिलेनाचा व्हिडिओ कॉल यायचा. काका फोन घेऊन गच्चीवर जायचे. खोली समजायची, गावाकडचं काही जमिनीचं लफडं असेल.

आणि आता वकीलबाईंचे कागद.

ओर्नेला दोन वर्षांपूर्वी गेली. जाण्याआधी तिने मुलीला खरं काय ते सांगून टाकलं. मागोमाग तो होड्यांचा कारखानदारही गेला. मिलेना शिकत होती, पहाटे बेकरीत आणि संध्याकाळी हॉटेलात राबून घरभाडं भागवत होती. कायद्याने त्या माणसाच्या मालमत्तेत तिचा वाटा निघत होता, त्यात एक घरही. पण इटलीचं कोर्ट म्हणतं, दाखल्यावर एक बाप असताना दुसरा बाप आम्ही जाहीर करत नाही. आधी पहिला खोटा ठरवा. त्यासाठी मुलीला मुदतीचं बंधन नसतं, ती केव्हाही दावा लावू शकते. दौलतला स्वतःची सही मोडायची असती तर त्याची मुदत केव्हाच उलटली होती. दावा लावण्याआधी वकीलबाईंना खात्री हवी होती, म्हणून काड्या. काकांनी त्या गालाच्या आत फिरवायच्या आणि परत पाठवायच्या.

"म्हणजे कफील बदलण्यासारखंच आहे हे," पांडू म्हणाला. त्याला प्रत्येक गोष्ट इकाम्यात, म्हणजे सौदीतल्या राहण्याच्या परवान्यात, बसवून समजायची सवय; कफील म्हणजे ज्याच्या नावावर तो परवाना असतो तो मालक. "जुना कफील सोडत नाही तोवर नवा घेऊ शकत नाही. तिला तुमच्याकडून रिलीज पाहिजे."

बोलून गेला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. काका उठले. त्यांनी उरलेले बटाटे सोलले. सालीबरोबर निम्मा बटाटाही गेला.

काकांच्या मनाला लागलं होतं ते वेगळंच. दावा नाही, कोर्ट नाही. खोक्यात मिलेनाचा एक शब्दही नव्हता.

"बिस्किटाच्या डब्यात दोन ओळी टाकते," काका नंतर भांडी विसळताना म्हणाले. "आणि बापाला काढून टाकायचा तर वकिलाच्या हातून काड्या."

पुढच्या शुक्रवारी कॉल आला तेव्हा काका गच्चीवर गेले नाहीत. आता लपवायचं काय होतं? फोन चहाच्या डब्याला टेकवून बसले. पडद्यावर सावळी नव्हे, पिंगट केसांची, डोळ्यांखाली बेकरीचं जागरण असलेली मुलगी. पांडू उगाच स्विचबोर्ड उघडून बसला. लेखक उगाच तांदूळ निवडत होता, जो पाकिटातला, निवडलेला होता.

"बाय, खोकं मिळालं," काका इटालियनमध्ये म्हणाले. नंतर त्यांनी सगळं मराठीत सांगितलं, म्हणून इथे लिहिता येतंय.

"काड्या पाठवल्यास परत?"

"माझ्या मास्तरने कान कोरले."

 पलीकडे ती हसली. हसता हसता रडायला लागली, आणि ते थांबेना.

"बरं झालं," ती म्हणाली. "पापा दौ, बरं झालं. मी वकीलबाईंना म्हटलं होतं, आधी मी बोलते. पण बोलायला बसले की जीभच उचलेना. काय बोलू? तू माझा बाप नाहीस हे सिद्ध करायला मला मदत कर, असं?"

"मग तसंच म्हणायचं."

"तू नको म्हणालास तर मी दावा लावणार नाही. मला ते घर नको. शपथेवर सांगते."

"भाडं कोण देणार? तुझी शपथ?"

"देईन मी. आतापर्यंत दिलंच ना?"

"डोळे बघ तुझे," काका म्हणाले. "घूस लागलेल्या भिंतीसारखे झालेत." हे मात्र त्यांनी मराठीतच म्हटलं. तिला समजलं नाही, पण सूर समजला.

 काका विचार करतो म्हणाले आणि फोन ठेवला. त्या आठवड्यात ते जेवायचे, कामावर जायचे, पण पाइपाच्या जोडावर पहिल्यांदाच भोक राहिलं आणि फोरमनने ते दाखवलं. पांडू चिडला.

"काका, तुम्ही पुन्हा काड्या मागवू नका. वीस वर्षं तुम्ही बाप. तो हरामखोर मागच्या रस्त्याने गेला आणि आता मेल्यावर बाप होणार? आणि तुमचं नाव कोर्ट खोडणार? हा काय न्याय झाला?"

"तिला घर मिळेल."

"आणि तुम्हाला?"

काका बूट पुसायला बसले.

"पांडू, मी सौदीत आलो तेव्हाचा माझा पहिला कफील तू पाहिला नाहीस," ते म्हणाले. "माणूस वाईट नव्हता. ईदला कपडे द्यायचा. मला म्हणायचा, दौलत, तू माझ्या मुलासारखा. आणि रिलीज मागितला की म्हणायचा, बुकरा, बुकरा. उद्या ये. दोन वर्षं त्याने मला मुलासारखा धरून ठेवला. कुठे जाता येईना, कुठे राहवेना. तेव्हा मला कळलं, धरून ठेवणाऱ्याला आपण प्रेमच करतोय असं वाटत असतं."

काकांनी बूट खाली ठेवले.

"मी तिचा कफील नाही रे. बाप आहे. तिला सांगतो, दुसऱ्या काड्या पाठव. आणि मास्तर, ह्या वेळी कान धुऊन ठेव."

दुसरं खोकं आलं. ह्या वेळी खोलीने त्याला हात लावला नाही. इमारतीच्या राखणदाराने आणून दिलं तेव्हा ते टेबलावर एखाद्या पाहुण्यासारखं बसून राहिलं. आत बिस्किटंही होती, आणि दोन नव्हे, भरपूर ओळी. काकांनी त्या वाचल्या, घडी करून खिशात ठेवल्या, आणि मग आरशासमोर उभं राहून गालात काडी फिरवली. डोळे मिटून, औषध लावल्यासारखी.

निकाल काय येणार हे ठाऊकच होतं. तो तसाच आला. त्यानंतर वकीलबाईंनी एक जबाब लिहून पाठवला. काकांनी रियाधमधल्या इटलीच्या वकिलातीत जाऊन अधिकाऱ्यासमोर त्यावर सही करायची, म्हणजे कोर्टाचं काम सोपं होईल. खोटी सही केल्याबद्दल धरतील का, ही भीती काकांना होती. वकीलबाई म्हणाल्या, त्या गोष्टीला इतकी वर्षं झाली, आता ते कुणी उकरत नाही.

वकिलाती शहराच्या दुसऱ्या टोकाला. मेट्रोने जा, असं लेखकाने सुचवलं. नवी आहे, थंड आहे. पण काकांना इस्त्रीच्या शर्टाला चुणी नको होती. तेव्हा इमारतीतला हैदराबादी ड्रायव्हर उमैर पुढे आला.

"काका, बेटी का मामला है ना? मेरी गाड़ी में चलो. साहब लोगां के माफिक उतारता मैं तुमको."

"किती घेशील?"

"वो बाद में देखेंगे. यल्ला, बैठो."

वकिलातीत खिडकीपलीकडे एक चष्मेवाली बाई होती. तिने इकामा पाहिला, पासपोर्ट पाहिला आणि जबाब मोठ्याने वाचून दाखवायला घेतला. काकांना चिठ्ठीपत्री वाचण्यापुरतं इटालियन यायचं, कोर्टाचं ऐकूनच समजायचं. ते मान डोलवत राहिले. सही केली तेव्हा मुलगी आपली नाही हे ठाऊक होतं: हो. आईच्या विनंतीवरून केली: हो. मग पुढचं वाक्य आलं. त्या आजारी स्त्रीची आणि निराधार बालिकेची दया येऊन सही केली.

"नाही," काका म्हणाले.

बाईने चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे सही केली नाही?"

"सही केली. दयेने नाही केली."

"सिन्योर आंब्रे, हे वकिलाने लिहिलंय. मी यात बदल करू शकत नाही. अर्थ तोच आहे."

"अर्थ तोच नाही."

मागे रांगेत माणसं होती. लेखक काकांच्या शर्टाची बाही ओढत होता; एक शब्द तर आहे, करून टाका, खलास. काकांनी बाही सोडवून घेतली आणि तिथूनच मिलेनाला फोन लावला. ती बेकरीत होती, मागे भट्टीचं दार आपटत होतं.

"बाय, तुझ्या वकिलाला सांग, हे वाक्य काढ. दया आली म्हणून मी शेजाऱ्याच्या मांजराला दूध घालतो. तिथे काय ते नीट लिही."

"नीट म्हणजे काय लिहू, पापा दौ?"

काकांना शब्द सुचेना. गोदीतलं इटालियन, त्यात लोखंडाला, पाण्याला, मुकादमाच्या आईला शब्द होते. खिडकीपलीकडची बाईसुद्धा थांबून ऐकत होती.

"लिही," ते शेवटी म्हणाले, "मला ती हवी होती."

भट्टीचं दार आपटायचं थांबलं.

"लिहिते," मिलेना म्हणाली. आणि मग, जरा वेळाने, "आणखी एक विचारायचं होतं. कोर्ट दाखला बदलेल तेव्हा आडनावही बदलू शकतं. पण मी मागितलं तर जुनं ठेवता येतं, वकीलबाई म्हणाल्या. इतकी वर्षं मला सगळे त्याच नावाने ओळखतात, हे कारण चालतं. मला आंब्रे ठेवायचंय. ठेवू?"

"मला काय विचारतेस?"

"तुझं आहे म्हणून."

"लोकांना नीट म्हणता येत नाही ते," काका म्हणाले. "बेकरीत तुला काय हाक मारतात?"

"आंब्रे. काहीतरी वाकडंतिकडं. पण हाक मारली की मी वळून बघते."

"मग ठेव," काका म्हणाले आणि फोन खिशात टाकला. पुढचा अर्धा तास ते बाकावर बसून होते. नवा जबाब वकीलबाईंकडून आला. खिडकीतल्या बाईने तो छापला, वाचला. ते वाक्य वाचताना तिचा आवाज सरकारी राहिला नाही. काकांनी सही केली, गोदीत पाइपावर नंबर घालायचे तशी, दाबून.

दावा अजून चालू आहे. इटलीची कोर्टं आपल्या कोर्टांना परकी वाटू नयेत अशा चालीने चालतात. कारखानदाराच्या घरच्यांनी वकील दिलाय, त्यांचीही तपासणी होईल, तारखा पडतील. आडनावाचा अर्ज त्यातच आहे. तो मंजूर होईल असं वकीलबाईंना वाटतं. मिलेनाला तर खात्रीच आहे. शुक्रवारी कॉल येतो. कागदावर येत्या वर्षी केव्हातरी काका तिचे कुणी उरणार नाहीत, आणि त्याच कॉलवर ती त्यांना रक्तदाबाची गोळी घेतली का म्हणून रागावते. काका खोटं बोलतात. ती पाकीट दाखवा म्हणते. काका पाकीट शोधायला लागतात.

त्या दिवशी वकिलातीतून परतताना उमैरने भाडं काही घेतलं नाही. "बेटी के काम का पैसा नहीं लेता मैं," तो म्हणाला. काकांना फुकटचं चालत नाही, त्यांनी फारच आग्रह केला तेव्हा तो म्हणाला, ठीक आहे, तुमच्या कोकणी पद्धतीचं सुरमईचं कालवण एकदा खाऊ घाला. काकांनी कबूल केलं. पण त्यांना हवी तशी सुरमई बाजारात मिळत नाही. मिळते तेव्हा उमैरची जेद्दाची फेरी असते, आणि तो असतो तेव्हा काकांना कोकम मिळत नाही. उमैर जिन्यात भेटला की हात तोंडाशी नेऊन घास घेतल्याची खूण करतो.

"काका, मेरी मछली?"

"बुकरा," काका म्हणतात आणि घाईघाईने जिना चढतात.